कानातला ठोका



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा आम्ही कामगार कायद्यांवर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर बोलण्याची आम्हांला सवय आहे आणि ऐकण्याची तुम्हांलाही आहे. म्हणूनच या वेळी आम्ही निराळा विषय मागून घेतला. काही माणसांना आपल्या कानात स्वतःच्याच नाडीचा ठोका रात्रंदिवस ऐकू येतो. हा आवाज कशाचा, त्यावर उपाय काय, आणि ते उपाय शोधणाऱ्यांनी आजवर काय काय केले, हे आज सांगावयाचे आहे. आम्ही डॉक्टर नाही. आमचे शाळेतले शिक्षण लवकर आटोपले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात, शब्दकोश शेजारी ठेवून. तेव्हा येथे कोणाला औषध सांगण्याचा आम्हांला अधिकार नाही. परंतु एखाद्या तक्रारीचा तपास कसा होतो, तो कोठे अडतो आणि कोण अडवतो, एवढे मात्र युनियनच्या कामात आम्हांला कळू लागले आहे. आणि या आवाजाची हकीकत ही पुष्कळ अंशी एका तक्रारीच्या तपासाचीच हकीकत आहे.

कानात आवाज होणे ही तक्रार फार जुनी. आपल्या वैद्यकात तिला कर्णनाद म्हणतात. सुश्रुतसंहितेत कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले आहेत त्यांत तो आहे, आणि माधवनिदानात त्याचे वर्णन करताना भेरी, मृदंग आणि शंख यांच्या नादाची उपमा दिली आहे. जुन्या वैद्यांनी शंख आणि मृदंग एकाच ओळीत बसवले. आजचे वैद्यक पहिल्याप्रथम काय करते, तर शंखाला मृदंगापासून वेगळा काढते. शंख म्हणजे एकसुरी, लांबच लांब चालणारा आवाज. मागावर आयुष्य घालवलेल्या विणकराला, बॉयलरखान्यात किंवा प्रेसशॉपमध्ये वीस-वीस वर्षे उभे राहिलेल्या माणसाला म्हातारपणी जो किर्रर्र आवाज येतो तो या जातीचा. गोंगाटाने आतल्या कानातील केसांसारख्या सूक्ष्म पेशी मरतात, आणि मग बाहेर काही वाजत नसताना मेंदूच आवाज ऐकू लागतो. तो दुसऱ्या कोणाला ऐकू येणे शक्य नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाची रोगांच्या परिशिष्टात पुढे नोंद झाली, ती अशा लोकांसाठी.

मृदंगाची गोष्ट वेगळी. येथे आवाज ठेक्यात येतो. मनगटावर बोट ठेवून पाहावे, तर नाडी आणि कान यांचा ताल एक असतो. जिना चढला की दोन्ही चढतात, पडून राहिले की दोन्ही उतरतात. हा आवाज भासाचा नव्हे. बहुतेक वेळा तो खरोखरीचा, वाहत्या रक्ताचा आवाज असतो. काही रुग्णांच्या बाबतीत तर डॉक्टरने कानामागे किंवा मानेवर स्टेथॉस्कोप लावला तर डॉक्टरलाही तो ऐकू येतो. आमच्या भाषेत सांगायचे तर पहिल्या तक्रारीला साक्षीदार नाही, दुसरीला असू शकतो. मात्र साक्षीदाराला कोणी तरी बोलावले पाहिजे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकतो, कारण सभेनंतर कोणी तरी विचारणारच. कारखान्याच्या गोंगाटाने हा ठोक्याचा आवाज उत्पन्न होत नाही. त्यावर नुकसानभरपाईचा दावा उभा राहणार नाही, आणि तसे आश्वासन आम्ही देणार नाही.

आता हा आवाज होतो कसा? वाफेचा पाइप ज्याने पाहिला आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. वाफ मोकळी वाहते तोवर पाइप मुका असतो. व्हॉल्व्ह अर्धा बंद केला की तोच पाइप फुत्कारू लागतो. रक्ताचेही तसेच. रोहिणी हृदयाकडून रक्त नेते, नीला ते परत आणते. मेंदूतले वापरलेले रक्त परत आणणारी एक मोठी नीला कवटीच्या मागून येऊन ऐन कानामागच्या हाडाला लागून वळण घेते आणि मानेत उतरते. मानेतली मोठी रोहिणीही आतल्या कानाच्या अगदी जवळून कवटीत शिरते. निसर्गाने ऐकण्याचे नाजूक यंत्र दोन मोठ्या नळांच्या मधोमध बसवले आहे, आणि तरीही आपल्यापैकी बहुतेकांना ते नळ ऐकू येत नाहीत, हेच खरे नवल. कोठे नळ चिंबला, कोठे मधले हाड झिजले, कोठे रोहिणी मध्येच फुटून थेट नीलेला मिळाली, किंवा सगळ्याच नळांतून रक्त प्रमाणाबाहेर वेगाने धावू लागले, की ते ऐकू येऊ लागतात. कानात मळ साचून बाहेरचे आवाज कमी झाले तरीसुद्धा आतला ठोका उमटू लागतो. तेव्हा तपासाची सुरुवात कान साफ करण्यापासून करावी, हे बरे.

म्हणून 'कानातल्या ठोक्यावर औषध कोणते' या प्रश्नाला उत्तर नाही. ठोका कोणत्या नळाचा, हे आधी ठरवावे लागते. जितकी कारणे तितके उपाय.

रक्त वेगाने धावण्याचे आपल्याकडचे एक अगदी साधे कारण म्हणजे रक्तक्षय. रक्त पातळ झाले की हृदय ते भराभर फिरवते, आणि मानेतल्या नीलांतून घूं-घूं असा आवाज येऊ लागतो. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच डॉक्टरांनी या आवाजाला त्या काळच्या एका घुमणाऱ्या खेळण्याचे नाव दिले. आपल्या भोवऱ्याच्या जातीचे ते खेळणे होते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर भारतीय स्त्रियांत सत्तावन्न रक्तक्षयी आढळल्या. त्या सगळ्यांना कानात आवाज येतो असे नव्हे. पण ज्या बाईला येतो तिचे रक्त एकदा तपासायला फारसा खर्च नाही, आणि उपाय लोहाच्या गोळीचा आहे. गलग्रंथी अति काम करू लागली तरी असेच होते, आणि तिचीही परीक्षा रक्तावरूनच होते. संशोधनाचे मोठमोठे पराक्रम आम्ही पुढे सांगणार आहोत, पण ही दोन साधी कामे आधी झाली पाहिजेत, एवढे ध्यानात ठेवावे.

आमचा या विषयाशी संबंध आला तो एका पॅकिंग खात्यातल्या बाईमुळे. वय चौतिसाच्या आसपास. ती म्हणाली, "भाऊ, कानात कुणी तरी उखळात कांडतंय. दिवसा मशीनच्या आवाजात कळत नाही, रात्री उशीला कान लावला की कांडण सुरू." दहा महिने ती एका दवाखान्यात जात होती. आम्ही तिचा केसपेपर पाहिला. पहिल्या भेटीला 'कानात आवाज' असे लिहिले होते, दुसऱ्या भेटीला 'चिंता', आणि तिसऱ्या भेटीपासून नुसतीच झोपेच्या गोळीची नोंद. दहा महिन्यांत तिच्या कानामागे कोणी स्टेथॉस्कोप लावला नाही. खात्यात तिची कुचेष्टा होऊ लागली होती, आणि रजेचा अर्ज केला तर कानातला आवाज हे रजेचे कारण कसे होते, असा उलट प्रश्न आला. आम्ही तिला बसवून नीट सगळे विचारले तेव्हा आणखी दोन गोष्टी निघाल्या. सकाळी उठताना डोके फार दुखायचे, आणि वाकून खोका उचलला की क्षणभर डोळ्यांपुढे अंधार यायचा. या गोष्टी तिला कोणी विचारल्या नव्हत्या, आणि कानाच्या डॉक्टरला डोळ्याचे कशाला सांगायचे म्हणून तिने सांगितल्याही नव्हत्या. चष्म्याच्या निमित्ताने ती डोळ्याच्या डॉक्टरकडे गेली. त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आत दिवा टाकून पाहिले, आणि दोन्ही डोळ्यांच्या मागची नस सुजलेली दिसली. त्याच दिवशी त्यांनी तिला मोठ्या रुग्णालयात धाडले. एमआरआय झाला, पाठीच्या कण्यातून पाणी काढून दाब मोजला. डोक्यातला दाब वाढलेला होता. आणखी काही महिने झोपेच्या गोळ्यांवर काढले असते तर दृष्टी कायमची जाण्याचा धोका होता. उखळाचा आवाज हा कटकटीचा विषय नव्हता, तो इशारा होता.

हा जो डोक्यातल्या दाबाचा विकार आहे त्याचे वर्णन जर्मन वैद्य क्विन्के यांनी १८९० नंतरच्या दशकात केले. पाठीतून सुई घालून ते पाणी काढण्याची युक्तीही त्यांचीच, १८९१ ची. पुढे १९३७ मध्ये अमेरिकेत डँडी यांनी बावीस रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूत गाठ नाही, पू नाही, तरी दाब वाढलेला. आजही या विकाराच्या नावात 'कारण अज्ञात' असा अर्थाचा ग्रीक शब्द आहे. (अज्ञान ग्रीक भाषेत सांगितले की ऐकणारा दबतो, हे डॉक्टर आणि वकील दोघांनाही ठाऊक असते.) हा विकार मुख्यतः तरुण आणि अंगाने स्थूल स्त्रियांना होतो. २०१४ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष बाहेर आला. १६५ रुग्ण होते, त्यांपैकी १६१ स्त्रिया. सर्वांना वजन उतरवण्याचा, कमी मिठाचा आहार दिला. निम्म्यांना अ‍ॅसिटाझोलामाइड नावाचे, पाणी तयार होणे कमी करणारे औषध, आणि उरलेल्यांना तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी. कोणाला काय मिळते हे रुग्णाला ठाऊक नाही, तपासणाऱ्यालाही नाही. सहा महिन्यांनी दृष्टीचे क्षेत्र मोजले. औषध घेणाऱ्यांचे थोडे अधिक सुधारले होते. २०२१ मध्ये इंग्लंडमधून आणखी एक चाचणी प्रसिद्ध झाली, ६६ स्त्रियांची. तीत पोट लहान करण्याच्या शस्त्रक्रियेने वजन उतरले आणि डोक्यातला दाबही आहारवाल्यांपेक्षा अधिक उतरला.

आता कामगाराच्या नजरेने त्या २०१४ च्या चाचणीकडे पाहा. सुरुवातीला रुग्णांना त्रास काय काय हे विचारले तेव्हा शेकडा ८४ जणांनी डोकेदुखी सांगितली आणि शेकडा ५२ जणांनी कानातला ठोका सांगितला. म्हणजे निम्म्याहून अधिक. परंतु यशापयश ठरवण्याची मोजपट्टी होती दृष्टीची. ते योग्यच होते, कारण डोळा गेला तर परत येत नाही. तरीपण ठोक्याच्या वाट्याला उपाय आले ते असे दुसऱ्याच्या ताटातून. या विषयावर आम्ही जेवढे वाचले त्यात हे पुन्हा पुन्हा दिसले.

आमच्या त्या भगिनीला हेच औषध मिळाले. बोटांना मुंग्या यायच्या आणि सोडावॉटर मिळमिळीत लागायचे. हे त्या औषधाचे नेहमीचे गुण आहेत. वजन उतरवा, असे डॉक्टरांनी सांगितले. सांगणे सोपे आहे. पहाटेची पाळी, दुपारी वडापाव, संध्याकाळी घरचा स्वयंपाक, अशा दिवसात ते कसे उतरवायचे हे सांगणारा कागद कोणाजवळ नव्हता. तिच्या सोबतिणींनी डबा वाटून घेण्याची पद्धत काढली, तिने काम झाले. डोळे वाचले. आवाज कमी झाला, गेला नाही.

डोक्यातला दाब आणि ती कानामागची नीला यांचे नाते १९९५ मध्ये मेलबर्नच्या डॉक्टरांनी उजेडात आणले. त्यांनी नीलेत बारीक नळी घालून जागोजागी दाब मोजला, आणि अशा रुग्णांत ती नीला एका ठिकाणी चिंबलेली व तिच्या अलीकडे रक्त तुंबलेले आढळले. मग वाद सुरू झाला. नीला चिंबल्यामुळे डोक्यातला दाब वाढतो, की डोक्यातल्या दाबाने नीला चिंबते? बी आधी की झाड आधी? त्याच डॉक्टरांनी पुढे मानेतून पाणी काढून पाहिले, तर पाणी काढताच नीलेतला दाबही उतरला. म्हणजे निदान काही जणांत तरी झाड आधी. पण शस्त्रवैद्याला वादाचा निकाल लागेपर्यंत थांबवत नाही. २००२ मध्ये इंग्लंडातील केंब्रिजच्या डॉक्टरांनी एका रुग्णेच्या चिंबलेल्या नीलेत धातूच्या जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवला. हृदयाच्या रोहिणीत बसवतात तो आता सर्वांना ठाऊक आहे. हा डोक्याच्या नीलेतला. दाब उतरला. पुढे ही शस्त्रक्रिया अनेक देशांत होऊ लागली, आणि ज्यांना डोक्याचा दाब नाही, नुसता चिंबलेल्या नीलेचा असह्य आवाज आहे, अशांनाही काही ठिकाणी स्टेंट बसवू लागले. आवाज तत्काळ थांबल्याच्या हकीकती पुष्कळ आहेत. त्याबरोबर हेही सांगितले पाहिजे की स्टेंट बसवल्यावर रक्त गोठू न देणारी औषधे महिनोन्महिने घ्यावी लागतात, आणि काहींची नीला स्टेंटच्या शेजारी पुन्हा चिंबते.

नीलेवरचे हाड झिजले असेल तर उपाय निराळा. अमेरिकेतील शल्यवैद्य आयझनमन यांनी २०११ मध्ये तेरा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांनी कानामागून जाऊन नीलेची उघडी पडलेली भिंत पुन्हा बांधून काढली होती. गवंडीकामच म्हणा. अडचण अशी की हे हाड ज्यांना कधी आवाज आला नाही अशांच्या स्कॅनमध्येही पातळ दिसते. तेव्हा चित्रात दोष दिसला म्हणजे गुन्हेगार सापडला असे होत नाही.

आतापर्यंत नीलांचे सांगितले. रोहिणीच्या बाजूची कथा अधिक जुनी आणि अधिक भयंकर आहे. १८०९ च्या मे महिन्यात लंडनमध्ये ट्रॅव्हर्स नावाच्या तरुण शस्त्रवैद्याकडे एक स्त्री होती. गरोदर असताना एके दिवशी तिच्या डोक्यात काही तरी तुटल्यासारखे झाले होते, तेव्हापासून डाव्या बाजूचा डोळा बाहेर येऊन नाडीसारखा उडत होता आणि डोक्यात सारखे घोंघावत होते. ट्रॅव्हर्स यांनी तिच्या मानेतली मोठी रोहिणी दोरा बांधून बंद केली. भूल देण्याची विद्या निघायला अजून सदतीस वर्षे होती. बाई वाचली आणि बरी झाली. डोक्यात नेमके काय तुटले होते हे ट्रॅव्हर्स यांना कळले नव्हते. डोळ्यामागे रोहिणी फुटून नीलेत मिळते, हे पुढे मृतदेह तपासताना उलगडले. रोग न कळता उपाय लागू पडला, असे वैद्यकात पुष्कळदा होते, पण त्यावर भिस्त ठेवता येत नाही. जिवंत माणसाच्या डोक्यातल्या नळ्या क्ष-किरणांनी पाहण्याची युक्ती १९२७ मध्ये लिस्बनच्या मोनिझ यांनी काढली, तेव्हा कोठे नेम धरून मारण्याची सोय झाली.

आणि मग मॉस्कोचे सेर्बिनेन्को. त्यांच्याविषयी अशी कथा सांगतात की १९५९ च्या मे दिनाच्या उत्सवात तांबड्या चौकात मुले दोरीला बांधलेले फुगे इकडून तिकडे नेत होती, ती त्यांनी पाहिली. त्यांना वाटले, असाच इवलासा फुगा नळीच्या टोकाला बांधून रक्ताच्या प्रवाहात सोडला, तर प्रवाहच त्याला मेंदूपर्यंत नेईल. हवा तेथे फुगवावा, भोक बुजवावे, आणि दोरी तोडून फुगा तेथेच ठेवावा. मे दिनाच्या मिरवणुकीत आम्हीही पुष्कळ चाललो, पण असले काही आम्हांला सुचले नाही! १९७४ मध्ये त्यांनी तीनशेहून अधिक रुग्णांची हकीकत इंग्रजीत प्रसिद्ध केली, आणि कवटी न उघडता आतल्या नळ्या दुरुस्त करण्याचे पर्व जोरात सुरू झाले. मेंदूच्या आवरणात रोहिणी आणि नीला यांचा असा आडवा संबंध जडलेला असेल तर आज मांडीच्या रोहिणीतून बारीक नळी नेऊन, जागेवर घट्ट होणारा द्रव सोडून तो बुजवतात. या जातीच्या विकारात कधी कधी कानातला ठोका हे एकच लक्षण असते, आणि त्यातले काही प्रकार मेंदूत रक्तस्राव करतात. 'मनाला लावून घेऊ नका' हा सल्ला देणाऱ्याने एवढे तरी लक्षात ठेवावे.

हजेरीपटावर ज्याचे नाव नाही त्याचा पगार निघत नाही. रोगांचाही हजेरीपट असतो. दर रोगाला एक आकडा असतो, आणि रुग्णालये, विमा कंपन्या व संशोधक सगळे त्या आकड्यांवरून मोजतात. अमेरिकेत कानातल्या सगळ्या आवाजांना मिळून एकच खाते होते. शंख आणि मृदंग पुन्हा एका ओळीत. ठोक्याच्या आवाजाचे रुग्ण किती, त्यांना कोणता उपाय लागू पडला, हे नोंदींतून काढायचे म्हटले तरी काढता येत नव्हते. त्या रुग्णांनी आपसांत संपर्क केला, डॉक्टरांना बरोबर घेतले, आणि निराळ्या आकड्याची मागणी लावून धरली. १ ऑक्टोबर २०१६ पासून तेथे एच ९३.ए हे स्वतंत्र खाते सुरू झाले. उजवा कान, डावा कान, दोन्ही कान अशा पोटनोंदींसह. वाचणाऱ्याला ही क्षुल्लक कारकुनी वाटेल. आम्हांला ती मोठी वाटली. ज्या बाईच्या केसपेपरवर 'चिंता' लिहिले होते तिच्यासाठी कोणते खाते आहे, हा प्रश्न आपल्याकडे विचारला गेला पाहिजे.

उपायांच्या पुराव्याविषयी थोडे सांगून थांबतो. दाबाच्या विकारावर पद्धतशीर तुलनेच्या चाचण्या झाल्या, त्या आम्ही सांगितल्या. नुसत्या आवाजासाठी केलेल्या स्टेंटांच्या आणि हाडाच्या दुरुस्तीच्या हकीकती मात्र बहुतांशी तुलनेच्या गटावाचून आहेत. इतके रुग्ण केले, इतके बरे झाले, एवढेच. आवाज रुग्णालाच ऐकू येतो, तेव्हा तो कमी झाल्याचे मोजायचे कसे, ही खरी अडचण आहे. काही संशोधक कानाच्या भोकात बारीक मायक्रोफोन ठेवून तो टिपतात, आणि टिपलेल्या आवाजात नाडीचा ठेका ओळखू येतो. सर्वांचा टिपता येत नाही. आणि सर्व तपासण्या होऊनही काहींच्या बाबतीत कारण हाती लागत नाही. त्यांना रात्री पंख्याचा किंवा पाण्याचा आवाज सोबतीला घेऊन झोपण्याची, आणि मनाचा ताण उतरवण्याच्या शिक्षणाची मदत होते. घरी मानेवर दाबून आवाज थांबतो का हे पाहण्याचा उद्योग कोणी करू नये. तेथे रोहिणीही असते, आणि म्हाताऱ्या माणसाच्या रोहिणीवर जोर पडणे धोक्याचे आहे. ते काम डॉक्टरच्या बोटाचे आहे.

कोणती नीला वाजते याचा संशय उरलाच तर काही रुग्णालयांत एक परीक्षा करतात. मांडीतून नळी नेऊन संशय असलेल्या नीलेत फुगा ठेवतात. रुग्णाला भूल देत नाहीत. नळी शिरते तेवढी जागा फक्त बधिर करतात. टेबलावर रुग्ण जागा असतो, भोवती यंत्रे आणि पडदे. डॉक्टर फुगा हळूहळू फुगवतात, नीला क्षणभर बंद होते, आणि मग ते त्याला विचारतात, थांबला का आवाज? तो सांगतो. मग फुगा सैल करतात आणि पुन्हा विचारतात.